मुंजाबानं बघितलेली जागा

जागा मी निवडली होती.

एवढंसं चार शब्दांचं वाक्य. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी सात मिनिटं न थांबता बोलले, समोर चारशे माणसं, एकदाही अडखळले नाही, दुसरा नंबर आला. आणि हे चार शब्द तोंडातून काढायला मला अकरा दिवस लागले.

त्या स्पर्धेआधी मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. हजेरीला 'येस मॅडम' म्हणतानाही माझा आवाज फाटायचा. नंबर आला आणि आमच्या पुंडलिकनगरात आठ दिवसांनी नळाला पाणी येतं ना, तसं झालं. आलं ते एकदम धो धो. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, मुख्याध्यापकांशी, सगळ्यांशी मी बोलायला लागले. आई म्हणायची, "हिचं बटन कुठंय कुणाला माहीत हाय का?" पप्पा मात्र खूश होते. त्यांना बोलणारं माणूस हवंच होतं.

कारण पप्पांनी कॅरव्हॅन केली होती. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर माझ्या पप्पांनी, म्हणजे अजिनाथ यांनी, एक जुनी मिनीबस घेतली आणि गॅरेजवाल्याकडून आतून घरासारखी करून घेतली. चार बेड, गॅसची शेगडी, बेसिन, मागं इवलासा संडास. बाहेरून पांढरी आणि बाजूला हिरवे डोंगर रंगवलेले. लोकांना शहरातून उचलायचं, कन्नड गावाच्या पुढं झाडीच्या डोंगरात न्यायचं, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. रस्ता पप्पांना पाठ होता. अडचण एकच, रात्री गाडी लावायची कुठं?

पप्पांनी कामं वाटून टाकली. "फोनवर बोलायचं योगिनीनं, गाडी चालवायची मी, जागा बघायची आबांनी."

आबा म्हणजे माझे आजोबा, मुंजाबा. ते पडेगावला राहतात, मोकळ्या प्लॉटवर, बारा मेंढ्यांसोबत. आता बाराच आहेत. पूर्वी सहा घरांच्या मिळून सहाशे मेंढ्या दिवाळीनंतर बाहेर पडायच्या आणि आबा सगळ्यांच्या एक दिवस पुढं, एकटे, पायी चालायचे. त्यांचं काम एकच, उद्याचा तळ कुठं पडणार ती जागा बघून ठेवायची. लेकरं, म्हाताऱ्या, कोकरं, घोडी, सगळी रात्र त्या एका माणसाच्या नजरेवर असायची. पडेगावपासून कन्नडपर्यंतच्या गावांत अजून म्हणतात, मुंजाबानं बघितलेली जागा. म्हणजे पुढं काही विचारायचं नाही, डोळे मिटून झोपायचं. आबांकडं दागिना नाही, शेत नाही. हे एवढं एक वाक्य त्यांच्या नावावर आहे.

आणि पहिलं बुकिंग कुणाचं आलं असेल? माझ्या वर्गातल्या प्रेरणाच्या घरचं! तिचे वडील बद्रीनाथ काका बँकेत आहेत, गावाकडं चाळीस एकर. प्रेरणानं अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं. मला वाटलं, आता आपण कसली भारी जागा शोधतो ते बघाच.

दोन रविवार मी आणि पप्पा आबांना घेऊन डोंगर फिरलो. पहिली जागा मला तुफान आवडली. कड्यावर होती, खाली सगळं जंगल. आबा म्हणाले, "रात्रीचा वारा गाडी हालवंल. म्हातारं माणूस असंल तर झोपंल का?" दुसरी जागा मोठ्या झाडाखाली. आबांनी नुसतं बोट वर केलं. फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं. तिसरी ओढ्याच्या काठाला, किती गारेगार! आबा म्हणाले, "पाण्यावर फक्त आपणच येतो का? जनावरं बी येत्यात." चौथ्या जागेवर त्यांनी माती मुठीत घेतली, हुंगली आणि टाकून दिली. कारणसुद्धा सांगितलं नाही.

"आबा, आपल्याला गाडी लावायचीय, गाव नाही वसवायचं!"

"माणसं झोपणार हायेत का नाय तिथं?"

"गाडीत झोपतील."

"बघू," आबा म्हणाले.

तिसऱ्या रविवारी आबांची मेंढी व्यायला झाली होती. "दोन दिस थांब योगे, मी आल्याबिगर ठरवू नको." पण बुकिंग सहा दिवसांवर आलेलं आणि प्रेरणा रोज विचारायची, जागा कोणती, फोटो टाक ना. मी म्हटलं, "मी फोटो आणून दाखवते तुम्हाला." आबा हसले. "फोटूला वास येतो का?"

मी आणि पप्पा दोघंच गेलो. घाटाच्या अलीकडं सांडूभाऊ नावाच्या शेतकऱ्याचं डोंगराच्या कुशीतलं शेत होतं. पप्पा रस्त्यावर चाक बघत थांबले आणि मी सांडूभाऊंच्या मागं चालत गेले. जागा बघून मी अक्षरशः उडी मारली. तिन्ही बाजूंनी साग आणि पळस, मधे सपाट मोकळी जागा, माती काळी, भुसभुशीत, झाडून काढल्यासारखी. एक दगड नाही, एक काटा नाही.

"झाडलीच हाय," सांडूभाऊ म्हणाले. "आठ दिसामागं दोनशे मेंढरं बसली व्हती इथं. लेंडीखत सगळं वावरात टाकलं."

हे मी ऐकलं. कानांनी ऐकलं. आणि आबांचं बोलणंही मला माहीत होतं, लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं: मेंढरं बसून उठली की तीन महिने त्या जागेवर माणसानं पथारी टाकायची नाय. मला वाटायचं, देवाधर्माचं काहीतरी असेल. उलट माझ्या डोक्यात आलं की मेंढपाळांनीच निवडलेली जागा आहे, म्हणजे आपल्याच माणसांनी. मग ती चुकीची कशी असेल? कुणा आबांसारख्याच माणसानं बघून ठेवली असेल की! आपल्याला आयतीच मिळाली. आणि आणखी एक, जे मी स्वतःशीही नीट बोलले नाही. मेंढ्यांची जागा म्हटल्यावर प्रेरणा नाक मुरडेल, म्हणून हे कुणाला सांगायचंच नाही.

पप्पांनी विचारलं, "आबांना दाखवायची?"

"फोटो दाखवते ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "दाखवले का?"

"दाखवले. हो म्हणाले."

किती सोपं होतं ते म्हणणं! मी तेव्हा काहीही सहज म्हणू शकत होते.

त्या शनिवारी संध्याकाळी मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी होते. बद्रीनाथ काका, काकू, प्रेरणा आणि तिची आजी लक्ष्मीबाई, सगळे गाडीतून उतरले आणि चहूकडं बघतच राहिले. डोंगरामागं ऊन चाललेलं, पळसाच्या पानांवर शेवटचा उजेड. सतरंज्या अंथरल्या, पप्पांनी चुलीवर पिठलं केलं, लक्ष्मीबाईंनी भाकरी थापल्या. काका म्हणाले, "काय जागा आहे यार! कुणी शोधली?"

"मी!" मी इतक्या जोरात म्हटलं की झाडावरचं काहीतरी उडालं.

"शाब्बास. बघ प्रेरणा, जरा शीक."

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "त्या डब्यात मी नाय झोपणार बाई. कशी गादीसारखी माती हाय. इथंच पडते." मग प्रेरणाही बाहेरच आडवी झाली. मी, पप्पा, काका आणि काकू गाडीत झोपलो.

सकाळी मला प्रेरणाच्या किंकाळीनं जाग आली. तिच्या पायाला, गुडघ्यामागं, मानेवर गोचीड चिकटले होते, करडे, फुगलेले. मेंढ्या उठून गेल्या तरी गोचीड मातीतच राहतात आणि हे तर दोन आठवड्यांचे उपाशी होते, हे मला तेव्हा कळलं. लक्ष्मीबाईंच्या कानामागं एक वाटाण्याएवढा झाला होता. काकांनी तो ओढून काढला तर त्याचं तोंड आतच राहिलं आणि कान बघता बघता सुजला.

"कुणी निवडली ही जागा?" काका म्हणाले. काल जे वाक्य होतं जवळजवळ तेच, फक्त आवाज वेगळा.

पप्पा माझ्याकडं बघत होते. प्रेरणा रडत होती. सगळे माझ्याकडंच बघत होते आणि माझं तोंड आपोआप चालू झालं, स्पर्धेत चालायचं तसं, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता.

"शोधली मी, काका, पण फायनल आमच्या आबांनी केली. त्यांना फोटो दाखवले होते. तेच अशा जागा बघतात. आयुष्यभर तेच काम केलंय त्यांनी."

"कोण आबा?" लक्ष्मीबाईंनी कान धरूनच विचारलं.

"मुंजाबा."

"पडेगावचा मुंजाबा?" त्यांनी हात खाली घेतला. "अगं, वीस वर्षं आमच्या वावरात बसायची त्याची मेंढरं. त्याच्या तळावर कधी कुणाला काटा बी लागला नाय." मग त्यांनी कान पुन्हा चाचपला. शेवटी म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हणायचा. नजर गेली त्याची."

मी मान हलवली. हो, खरंच हलवली.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली, दोन दिवसांत प्रेरणा बरी झाली. लक्ष्मीबाईंचा कान मात्र आठवडाभर सुजलेला होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तर वर्गाच्या ग्रुपवर प्रेरणानं पायाचा फोटो टाकलेला: 'योगिनीच्या आजोबांची चॉईस'. मुलींना माझी दया आली. म्हणाल्या, "तुझा काय दोष गं, म्हातारी माणसं अशीच असतात." मी तिथंही मान हलवली. मानेला सवय लागत होती.

पप्पा आबांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पडेगावला गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आबा, योगीनं फोटो दाखवले तवा तुमाला काय दिसलं नाय का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मेंढीच्या नव्या कोकराकडं बघत होते.

"दाखवले असतील," आबा म्हणाले.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन एकटीच गेले. आबांनी जेवण बाजूला ठेवलं आणि मला जवळ बसवलं.

"योगे, तू कवा दाखवले गं फोटू? सकाळी का दुपारी?"

मी डब्याचं झाकण घट्ट केलं. "दुपारी."

"मी काय म्हनलो?"

"हो म्हणालात."

"फोटू बघून म्हनलो?" त्यांनी कपाळ चोळलं. "माती हुंगल्याबिगर? मी? आठवत नाय बघ. काय केलं तरी आठवत नाय."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. आम्ही दोघंच होतो, ऐकायला फक्त मेंढ्या होत्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आबा, तुम्ही जेवून घ्या."

मग आबा स्वतःला तपासायला लागले. संध्याकाळी बारा मेंढ्या दोनदा मोजायचे, मग तिसऱ्यांदा. मेंढी कुठल्या वारी व्याली ते मला विचारून खात्री करून घ्यायचे. प्लॉटपासून लांब एक नवी बिल्डिंग आहे, तिच्यावर पाण्याच्या टाक्या आहेत. एक डोळा हातानं झाकून आबा त्या मोजायचे, मग दुसरा झाकून. "सहा हायेत का गं?" मी म्हणायचे, "सहाच आहेत, आबा." ते मान डोलवायचे. पण डोळ्यांनी टाक्या दिसल्या म्हणून डोक्याचं काय, असं त्यांना वाटत असावं. कारण रस्ता ओलांडून दुकानात एकटं जायचं त्यांनी बंद केलं. "परत यायचं ध्यानात राहिलं नाय तर?"

पप्पांना दुसरं बुकिंग आलं. ते आईला म्हणाले, "या बारीला आबांना नको विचारायला." मला ऐकू जावं म्हणून नव्हते म्हणाले, पण आमचं घर दोनच खोल्यांचं आहे.

अकराव्या दिवशी आम्ही पडेगावला असताना कडुबाकाका आले. ते अजून दरवर्षी मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि निघायच्या आधी आबांना विचारून जातात. बसल्या बसल्या म्हणाले, "ऐकलं आमी गोचिडाचं! मुंजाबा, शहरातल्या लोकांचं रक्त गोड असंल, गोचिडांची दिवाळी झाली म्हणायची!" आबाही हसले. मग कडुबाकाका सरसावून बसले. "बरं, परवा निघतोय. वरच्या नाल्यापाशी बसावं का खालच्या?"

मी चहाचे ग्लास घेऊन उभी होते. आबांनी जमिनीवरची माती चिमटीत घेतली आणि टाकून दिली.

"मला नको इचारू, कडुबा."

"अहो, मग कुणाला इचारू?"

"माझं आता खरं नाय राहिलं. मी व्हय म्हणून जातो अन् मागून मला ध्यानातच राहत नाय. तुझ्या तळावर लेकरं हायेत. मला नको इचारू."

कडुबाकाकांचं हसू तसंच राहून गेलं, काय करावं त्याला कळत नसल्यासारखं. पप्पा उठून मेंढ्यांकडं गेले आणि पाठ करून उभे राहिले.

"जागा मी निवडली होती," मी म्हणाले.

आवाज फाटला. हजेरीच्या वेळी फाटायचा तसाच, अगदी.

"काय म्हनली?" आबांना ऐकू गेलं नव्हतं. म्हणजे मला पुन्हा म्हणावं लागलं.

"जागा मी निवडली होती. तुम्हाला फोटो दाखवलेच नव्हते. मेंढ्या बसून गेल्यात हे सांडूभाऊंनी मला सांगितलं होतं, तरी निवडली."

आबा हळूहळू उभे राहिले. "दाखवलेच नव्हते?"

"नाही."

"मग मी व्हय म्हनलो नव्हतो?"

"नाही, आबा."

"म्हंजे मी इसरलो नाय?"

"नाही."

त्यांनी मला हे तीन-चारदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणत गेले. मला वाटलं होतं ते रागावतील. मारतील, असंही वाटलं होतं. पण ते इतके खूश झाले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांचा चेहराच सुटला. अकरा दिवस मी त्यांना काय दिलं होतं ते मला तेव्हा, त्या आनंदातून कळलं.

मग त्यांनी कडुबाकाकांकडं तोंड फिरवलं. "वरच्या. खालच्याला औंदा चिखल हटलेला नाय, खुरं सडतील. अन् वर बी बाभळीच्या अलीकडं बस, पलीकडं नको." पाच मिनिटं ते बोलत राहिले, हातांनी जमीन दाखवत. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. चहा माझ्या हातातच गार झाला.

कडुबाकाका गेल्यावर पप्पा वळले. ते एवढंच म्हणाले, "मी माझ्या बापाला इचारायचं बंद केलं, योगी."

मी ग्लास खाली ठेवले.

आबा म्हणाले, "लक्ष्मीबाईला कोण सांगणार?"

"मी फोन करते आताच."

"फोनवर नाय."

कॅरव्हॅननंच गेलो. प्रेरणाचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं. आबा पुढच्या सीटवर पप्पांशेजारी बसून राहिले, मी एकटी आत गेले. प्रेरणानं दार उघडलं. बद्रीनाथ काका पेपर वाचत होते, लक्ष्मीबाई मटार सोलत होत्या, कानाला पट्टी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्पर्धेत हातवारे करायला शिकवतात, तिथं मला हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"संध्याकाळी तू शोधलीस, सकाळी मुंजाबानं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "लई हुशार हायेस गं बाई."

"चुकलं माझं."

"कामून घेतलंस त्याचं नाव? मारलं असतं का आम्ही तुला?"

"नाही."

"मग?"

भीती वाटली असं म्हणता आलं असतं, पण ती खोटीच गोष्ट झाली असती, आणखी एक. खरं असं होतं की आदल्या संध्याकाळचं ते 'शाब्बास' मला परत द्यायचं नव्हतं. हे मी म्हणाले नाही. प्रेरणा माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं 'अच्छा, अशी आहेस तू' असं काहीतरी होतं. ग्रुपवरचा तो फोटो तिनं माझ्यासमोर काढून टाकला. मग आत निघून गेली.

लक्ष्मीबाईंनी मटारचं ताट बाजूला केलं आणि पायऱ्या उतरून गाडीच्या खिडकीपाशी गेल्या. मी मागं.

"मुंजाबा, मी गावाकडं चार घरी तुझं नाव घेतलं. आता चारी घरी फोन करते."

"करा," आबा म्हणाले. "कान कसाय?"

"हाय की जाग्यावर."

दोघं हसले. माझ्यासाठी नव्हतं ते हसणं, त्यांचं जुनं होतं, वावरातलं. लक्ष्मीबाई परत फिरताना माझ्या अगदी बाजूनं गेल्या. पायऱ्या चढून आत गेल्या.

मी मागच्या सीटवर बसले. पप्पांनी गाडी चालू केली, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब जरा." गल्लीच्या टोकाला, पार मुख्य रस्त्यापलीकडं, दुसरीच एक उंच बिल्डिंग होती. आबांनी एक डोळा झाकला. मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून बघितलं.

"सात टाक्या हायेत," ते म्हणाले. "अजिनाथ, मोज रं."

पप्पांनी काचेतून वाकून मोजल्या. "सात."

मीही मागून मोजल्या होत्या. सातच होत्या. पण मला कुणी विचारलं नव्हतं.